डाव्या हातातलं भांडं

कार्यक्रमपत्रिकेत विषय छापलाय, 'गात्बावीची मूर्ती नेमकी कोणाची?' उत्तर मी देणार आहे. पण मूर्ती बसली आहे डोंगराच्या अगदी माथ्यावर, तेव्हा आधी तिथवर चढायला हवं. चढण नीट झाली तर उत्तर सोपं जाईल.

आपल्यापैकी बरेच जण कोरियाला जाऊन आलेत, त्यामुळे पालगोंगसान कुठे आहे ते फार सांगत नाही. दक्षिण कोरियातल्या देगू शहराला लागूनच ही डोंगररांग आहे. तिच्या ग्वानबोंग नावाच्या शिखरावर, सुमारे 850 मीटर उंचीवर, उघड्या आभाळाखाली ग्रॅनाइटमधला बसलेला बुद्ध आहे. हीच गात्बावी. उंची साधारण 4 मीटर. डोक्यावर एक सपाट शिळा, जाडी जेमतेम 15 सेंटिमीटर. 'गात' म्हणजे जुन्या काळची रुंद काठाची टोपी आणि 'बावी' म्हणजे खडक. टोपीवाला खडक. लोकांनी ठेवलेलं नाव आहे, म्हणून ते टिकलं.

आणि लोकांचाच विश्वास असा, की मनापासून मागितलं तर हा बुद्ध एक इच्छा पुरी करतो. एकच. हे 'एकच' लक्षात ठेवा, मी पुन्हा त्यावर येणार आहे.

पहिल्यांदा गेले तेव्हा आमच्या वाटाड्यानं आम्हाला ग्योंगसान शहराच्या बाजूनं नेलं. तिकडून सोनबोन्सा मठापाशी गाडी वरपर्यंत जाते आणि पायी चढण थोडीच उरते. तो म्हणाला, "मूर्ती तीच आहे, पाय कशाला दुखवता?" मी ऐकलं. वर गेले, फोटो काढले, नमस्कार केला, खाली आले. सगळं मिळून दोन तास. त्या दोन तासांबद्दल मला आजही राग आहे, आणि तो पायांच्या सोयीसाठी केलेल्या त्या सल्ल्यावर आहे. मूर्ती तीच होती हे खरं. बघणारी मी मात्र वर पोचलेच नव्हते, नुसती नेली गेले होते.

दुसऱ्या खेपेला एकटी गेले. देगूहून 401 नंबरची बस, शेवटचा थांबा, आणि मग चढ. ग्वानाम्सा मठापर्यंत वाट जरा दयेनं वागते. त्याच्यापुढे दगडी पायऱ्या सुरू होतात. 1365. भाविक म्हणतात, एक वर्ष आणि त्याचे 365 दिवस. पायऱ्या एकसारख्या नाहीत, एक बुटकी तर पुढची गुडघ्याएवढी. त्यामुळे चालीला लय सापडत नाही आणि दम वाऱ्यावर जातो.

नोव्हेंबर होता. तिकडे नोव्हेंबरात 'सुनंग' असते, विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा. तिचं वजन केवढं, तर इंग्रजीच्या श्रवणचाचणीच्या वेळी देशभरातली विमानं उडायची-उतरायची थांबतात, कचेऱ्या उशिरा उघडतात, म्हणजे मुलं वेळेवर पोचावीत. त्या आधीच्या दिवसांत गात्बावीला आयांची रीघ लागते. ती सपाट शिळा त्यांना पदवीदानाच्या टोपीसारखी दिसते, आणि दिसतेही तशीच.

माझ्या पुढे सत्तरीतल्या एक आजी चालत होत्या. पाठीवर तांदळाची पिशवी, अर्पण करायला. मी हात पुढे केला, त्यांनी मान हलवली. ओझं दुसऱ्यानं वाहिलं तर अर्पण दुसऱ्याचं होतं, असं असावं. पुढे एका वळणावर त्या बुटाची नाडी बांधायला वाकल्या आणि तेवढ्यापुरती पिशवी माझ्या हातात दिली. चार-पाच किलो तरी असेल. नाडी बांधली, पिशवी परत घेतली, आणि हसून म्हणाल्या, "जोगुम्मान दो." म्हणजे अजून थोडंसंच. आपल्याकडे डोंगरात कुणालाही विचारा, "आलंच की, ते काय तिथं!" जगातल्या सगळ्या डोंगरांवर हे खोटं मायेनं बोललं जातं. अजून अर्धा तास होता.

आता माझा मुद्दा, ज्यासाठी खरं तर मी बोलायला आले. घरून निघताना माझ्याकडे मागण्यांची यादी होती. प्रकृती, मुलीची नोकरी, घराचं काम, भावाशी झालेला अबोला. मधल्या कुठल्याशा पायरीवर घराचं काम गळून पडलं, दम लागल्यावर त्याची आठवणच राहिली नाही. मग नोकरी गेली, तिचं ती बघेल असं वाटलं. शेवटच्या टप्प्यात फक्त भाऊ उरला. 'एकच इच्छा' हा नियम बुद्धानं घातलेला नाही, पायऱ्यांनी घातलाय. म्हणून त्या पायऱ्या मूर्तीचाच भाग आहेत, असं मी म्हणते. पालगोंगसानला दुसऱ्या अंगाला केबल कार आहे. गात्बावीलाही ती हवी, अशी मागणी मधूनमधून होत असते. 2023च्या अखेरीस हा डोंगर राष्ट्रीय उद्यान झाला, आता असं बांधकाम तितकं सोपं राहू नये, म्हणूनच मला त्याचा फार आनंद आहे. ज्यांचे पाय चालत नाहीत त्यांच्यासाठी सोनबोन्साची वाट आहेच, आणि तिथून येणाऱ्यांचा मान कमी नाही. पण चालू शकणाऱ्याची चढण काढून घेऊ नये.

वर पोचल्यावर काय, तर ध्वनिक्षेपकावर अखंड जप, 'याक्सा योरे-बुल, याक्सा योरे-बुल'. आया चटयांवर उठून-वाकून 108 नमस्कार घालत असतात. आजींनी तांदूळ ठेवला आणि...

चिठ्ठी आलीये, पाच मिनिटं म्हणे. बरं. तर मूर्ती कोणाची?

आख्यायिका अशी की 638 साली, कोरियातल्या सिल्ला राज्याच्या राणी सोनदोकच्या काळात, उइह्योन नावाच्या भिक्षूनं मृत आईसाठी ती घडवली. शैलीवरून मात्र अभ्यासक तिला नवव्या शतकातली, एकीकृत सिल्ला काळाच्या उत्तरार्धातली मानतात. खांदे रुंद, अंग ताठर, चेहरा भरलेला पण कठोर. कोरियातल्याच सोक्कुराम या गुहामंदिरातल्या, आठव्या शतकातल्या बुद्धाची मृदुता इथे नाही. पण उजवा हात तसाच: गुडघ्यावर, बोटं जमिनीकडे. भूमिस्पर्श मुद्रा. तेवढ्यावरून म्हणायचं तर हा शाक्यमुनी, म्हणजे गौतम बुद्ध, बोधीच्या क्षणी पृथ्वीला साक्ष ठेवणारा.

आता डावा हात. तळव्यावर एक लहानसं भांडं आहे, औषधाचं. औषधाचं भांडं ही भैषज्यगुरूची खूण. आणि जपातला 'याक्सा योरे' म्हणजे तोच, वैद्य बुद्ध. उजवा हात एक सांगतो, डावा दुसरं, तर ऐकायचं कोणाचं? मी डाव्याच्या बाजूची आहे. भूमिस्पर्श अनेक मूर्तींत येतो, भांडं मात्र उगाच कुणी कोरत नाही. वारा-पावसात आणि खालून बघताना ते भांडं सहज दिसत नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या दुखरे गुडघे आणि आजारी मुलांची काळजी घेऊन वर आलेल्या लोकांनी त्याला वैद्यच म्हटलंय.

शेवटची चित्रफीत लावता का? ती नाही, त्याच्या आधीची. हां. आता टोपी विसरा, डाव्या हाताकडे बघा.