मातीची पकड

नमस्कार श्रोतेहो.

पावसात काळ्या रानातून चालला असाल, तर चपलेला चिकटून आलेली ती जड चिखलाची वहाण तुम्हाला आठवत असेल. दगडावर कितीही घासा, हटत नाही. आज या चिकट मातीच्याच घराण्याबद्दल बोलायचंय. फक्त आज ती चपलेला नाही, प्रथिनांना धरणार आहे.

काळ्या जमिनीत स्मेक्टाइट जातीची खनिजं भरपूर. पाणी मिळालं की ती फुगतात, उन्हात आक्रसतात. उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात त्या त्यामुळेच. या जातीतलं प्रसिद्ध खनिज म्हणजे मॉन्टमोरिलोनाइट. त्याचा कण पानापानांचा, आणि एकेक पान जेमतेम 1 नॅनोमीटर जाडीचं. एका ग्रॅममधली सगळी पानं सुटी करून अंथरता आली, तर 700 ते 800 चौरस मीटर जागा व्यापतील. म्हणजे कबड्डीची पाच-सहा मैदानं! त्यात स्फटिक घडतानाच ॲल्युमिनियमच्या काही जागा मॅग्नेशियमनं बळकावलेल्या असतात, म्हणून पानांवर कायमचा ऋण प्रभार राहतो.

आता नाशिककडे वळू. द्राक्ष बुरशीशी लढायला काही प्रथिनं बनवतं. रस आंबून वाइन झाली तरी ती तग धरून राहतात. बाटली भरताना सगळं लख्ख दिसतं. पण मे महिन्यात ट्रक तापला की ती उलगडतात, एकमेकांत गुंततात आणि पांढरी वाइन धुरकट होते. पिणाऱ्याला त्यानं अपाय नाही. पण गढूळ बाटली विकत कोण घेणार?

उपाय बेंटोनाइटचा. ही माती म्हणजे मुख्यतः मॉन्टमोरिलोनाइटच. आधी पाण्यात भिजवून फुगवायची, कोरडीच टाकली तर गुठळ्या होतात. मग लिटरला साधारण अर्धा ते एक ग्रॅम या हिशेबानं टाकीत ढवळायची. वाइनचा सामू 3 ते 4 च्या आसपास, आणि एवढ्या आंबटपणात या प्रथिनांवर धन प्रभार असतो. ऋण पानांकडे ती ओढली जातात.

पण सगळी पकड प्रभाराची नव्हे. पानावर टेकलेलं प्रथिन बऱ्याचदा थोडं सैलावतं, पसरतं, आणखी चार ठिकाणी अंग टेकतं. मधले पाण्याचे रेणू मोकळे होतात, तेही या चिकटण्याच्या पथ्यावर पडतं. एक टाका उसवला तरी बाकीचे धरून असतात. म्हणून नुसत्या पाण्यानं धुऊन प्रथिन सहसा सुटत नाही.

मात्रा पुरेशी झाली का, हे कसं कळतं? थोडी वाइन गाळून 80 अंश सेल्सिअसला दोनेक तास तापवायची, गार करायची आणि उजेडासमोर धरायची. धुकं दिसलं तर माती कमी पडली.

मग सढळ हातानं का टाकू नये? माती तेवढी निवडक नाही हो! प्रथिनांबरोबर ती थोडा सुगंधही ओढून नेते, आणि तळाच्या गाळात चांगली वाइन अडकून वाया जाते ती वेगळीच. म्हणून आधी लहान बाटल्यांत निरनिराळ्या मात्रा घालून पाहतात, आणि ज्या सर्वांत कमी मात्रेला धुकं येत नाही, तेवढीच टाकीत जाते.

नमस्कार.