पाव सेकंदातली गंगा

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘वाहत्या पाण्यातल्या प्रतिबिंबांचे फोटो : तंत्र आणि दृष्टी’. तंत्राकडे येतोच. पण समोर सगळे कॅमेरेवाले बसलेत, तेव्हा बरेच दिवस मनात साठलेलं आधी बोलून घेतो. कॅमेरा हलला तो फोटो वेगळा आणि पाणी हललं तो फोटो वेगळा, हे तरी इथे कुणाला समजावायला नको.

आपण नाशिककर गंगेवर जातो, बाहेरचे लोक तिला गोदावरी म्हणतात. सकाळी उन्हं वर आली की रामकुंडाच्या खाली, पंचवटीच्या बाजूला उभे राहा. ऊन पलीकडच्या भिंतींवर आणि पायऱ्यांवर वाळत घातलेल्या लुगड्यांवर पडलेलं असतं. तुमच्या पायाशी पाणी मात्र अजून सावलीत असतं. वस्तू उन्हात आणि पाणी सावलीत ही जोडी जमली, की पाण्याचा मातकट रंग मागे हटतो आणि प्रतिबिंब पेटतं. बुधवार असेल तर बाजाराच्या निळ्या-पिवळ्या ताडपत्र्यांचीही त्यात भर पडते.

आता एक तांबडं लुगडं घ्या. तरंगाचा जो उतार आपल्याकडे झुकलेला असतो, त्यात वरचं आकाश दिसतं. पाणी जिथे सपाट असतं किंवा पलीकडे झुकतं, तिथे समोरचा काठ दिसतो, म्हणजे आपलं लुगडं. त्यामुळे तांबड्याच्या पट्ट्यांमध्ये निळ्याच्या पट्ट्या विणलेल्या दिसतात, पैठणीच्या धूपछाँव पोतासारख्या. पाणी पुढे सरकतं, तशा या पट्ट्या लांबतात, तुटतात, पुन्हा जुळतात. हे सगळं आपल्या डोळ्यांदेखत चाललेलं असतं आणि आपण देवळाच्या कळसाचा फोटो काढत असतो.

तर हा असाच एक फोटो मी छापायला दिला. लॅबचं नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही, कारण असं कुठेही होतं. संध्याकाळी तिथल्या पोराचा फोन आला, “काका, फोटो हललाय. दुसरा पाठवता का?” म्हटलं, अरे बाबा, हललेलाच हवाय. तो म्हणाला, “मग ठीक करून देतो.” आणि दिला हो त्याने ठीक करून! यंत्राला वाटलं, फोटोत निळा रंग जास्त झालाय. त्याने सगळं आकाश पुसून राखाडी केलं. वर कडा धारदार केल्या, त्यामुळे वाहत्या पट्ट्यांना मुंग्या लागल्यासारखे दाणे आले. तांबडं राहिलं, पण ज्याच्याशी ते बोलत होतं ते निळं गेलं. पोरगा मनापासून म्हणत होता, “बघा, आता किती स्वच्छ दिसतंय.” (हशा) हसू नका, तो पोरगा मेहनती आहे. माझा राग त्याच्यावर नाहीच. फोटो म्हणजे स्पष्ट आणि स्पष्ट म्हणजे चांगला, हे ज्यांनी त्याच्या डोक्यात भरवलं त्यांच्यावर आहे. स्पर्धांच्या परीक्षकांच्या शेऱ्यांतही हेच सापडतं : ‘शार्पनेस नाही’. अहो, पाण्याला कडा असते का?

दुसरं टोकही तितकंच वाईट. पावसाळ्यात सोमेश्वरच्या धबधब्यावर जा. प्रकाश अडवणारा काळा फिल्टर लावून तीस-तीस सेकंद शटर उघडं ठेवणाऱ्यांची रांग असते. पाण्याचं दूध होतं. दगड देखणे दिसतात, हे मान्य. पण त्या दुधात रंग कुठला आणि तरंग कुठला? तीस सेकंदांत लुगडं आणि आकाश मिसळून एक जांभळट सारवण उरतं. पाण्याने काय केलं, ते त्यातून कळतच नाही.

रंगीत फोटोंसाठी गाजलेले छायाचित्रकार अर्न्स्ट हास यांचं नाव तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. 1956 साली त्यांनी स्पेनमधल्या बैलांच्या झुंजी मुद्दाम संथ शटरने, म्हणजे शटर जास्त वेळ उघडं ठेवून, टिपल्या. 1962 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्यांच्या रंगीत फोटोंचं प्रदर्शन झालं. पन्नाशीच्या दशकातल्या कोडाक्रोम या रंगीत फिल्मची प्रकाश टिपण्याची गती होती दहा ए.एस.ए., म्हणजे आजच्या भाषेत आयएसओ दहा! आज आपला कॅमेरा शंभराच्या खाली सहसा उतरत नाही. फिल्म संथ होती ही अडचण होती, पण त्या माणसाने तिच्यातून हालचालीची भाषा घडवली. आपल्याला ती अडचणच उरली नाही, म्हणून हजारांश सेकंदाला फोटो मारून मोकळे होतो. त्या वेगाला पाणी काचेच्या तुकड्यांसारखं गोठतं.

आयोजक घड्याळ दाखवताहेत. बरं, मुख्य मुद्दा आता भराभरा सांगतो.

शटर किती ठेवायचं, हे तरंगाला विचारा. एका शिखरापासून दुसऱ्या शिखरापर्यंत दहा सेंटिमीटर अंतर असलेली लाट सेकंदाला सुमारे चाळीस सेंटिमीटर जाते, म्हणजे एका जागेवरून ती पाव सेकंदात सरते. दोन सेंटिमीटरची बारीक लहर साधारण बारांश सेकंदात, म्हणजे सेकंदाच्या बाराव्या भागात सरते. हे स्थिर पाण्यावरचं गणित. प्रवाहात थोडं पुढेमागे होईल, पण सुरुवात इथूनच करा, पाव ते पंधरांश सेकंद. एवढ्या वेळात एक लहर एकदाच फिरते, आपली रेघ ओढते आणि दुसरी लहर ती पुसायच्या आत शटर बंद होतं. माझं म्हणणं एवढंच आहे.

त्यासाठी काळा फिल्टर बहुतेकदा लागत नाही. प्रतिबिंब मुळातच अंधारं असतं. वरून सरळ खाली पाहिलं तर पाणी जेमतेम दोन टक्के प्रकाश परत पाठवतं, तिरपं पाहिलं तर पुष्कळ जास्त. दहा टक्के धरा. तरी आयएसओ शंभर आणि भिंगाचं तोंड एफ सोळा इतकं बारीक ठेवलं, तर उन्हातल्या लुगड्याचं प्रतिबिंब दहांश सेकंदाच्या आसपास येतं. म्हणून पायऱ्यांवर खाली बसा, नजर तिरपी करा. चकाकी कापणारा पोलरायझर फिल्टर काढून ठेवा, तो उलटा फिरला तर प्रतिबिंबच खाऊन टाकतो.

फोकस पाण्याच्या पृष्ठभागावर नको. प्रतिबिंबाचं अंतर म्हणजे तुमच्यापासून पाण्यापर्यंत आणि तिथून लुगड्यापर्यंत, दोन्हींची बेरीज. ऑटोफोकस पाण्यावरच्या निर्माल्याला धरतो, म्हणून तो बंद करा. तिपाई हवीच. काठ स्थिर आणि पाणी चालतं, असं असलं तरच चाल दिसते. गंगापूर धरणातून जास्त पाणी सोडलेलं असेल त्या दिवशी जाऊ नका, पृष्ठभाग फुटतो आणि फक्त फेस मिळतो.

आणि छापायला देताना लॅबवाल्याला लिहून द्या : कुठलीही दुरुस्ती करू नये. तोंडी सांगून भागत नाही. विचारा आता, काय विचारायचंय ते.