फळ्यावरचा ळ

(दृश्य: पहाटेचं मिरकरवाडा बंदर. धक्क्याला लागणाऱ्या नौका, बर्फाचा चुरा, टोपल्यांची ओढाओढ.)

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात पहाटे कान देऊन उभं राहिलं, तर एकाच धक्क्यावर कितीतरी भाषा ऐकू येतात. तांडेल, म्हणजे नौकेचा म्होरक्या, इथला असतो. खलाशांत कुणी नेपाळचा, कुणी कर्नाटकातला. लिलावाची बोली मराठीत लागते आणि हिशोब हिंदीत होतो.

या सगळ्यांची मुलं जिथे जातात, ती नगर परिषदेची शाळा इथून चालत जाण्यासारखी आहे. शाळेचं आणि मुलांचं नाव आपण घेणार नाही.

(दृश्य: शाळेचा व्हरांडा. खांद्याला पिशवी लावलेली एक तरुण मुलगी चपला काढते आहे.)

ही छात्राध्यापिका लांजा तालुक्यातल्या एका वाडीतली. बारावी झाल्यावर तिनं डी.एल.एड.ला, म्हणजे प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेला (पूर्वीचं डी.एड.), प्रवेश घेतला. हे तिचं दुसरं वर्ष, आणि आता आंतरवासितेसाठी, म्हणजे शाळेत राहून शिकवण्याच्या सरावासाठी, ती शहरातल्या शाळेत आली आहे. ती स्वतः शिकली त्या शाळेचा पट होता नऊ. शिक्षक दोन. गुरुजींना प्रत्येक मुलाचं घर माहीत होतं, कुणाची आजी आजारी आहे तेही माहीत होतं. आज तिच्यासमोर तिसरीची ३४ मुलं आहेत.

तिच्या हातात पाठ टाचण आहे. डी.एड. केलेल्या कुणालाही ही वही ठाऊक असते: घटक, उद्दिष्टं, शैक्षणिक साहित्य आणि त्याच्याही आधी एक रकाना, 'पूर्वज्ञान'. मुलांना आधीपासून काय येतं, ते तिथे लिहायचं. तिनं लिहिलं आहे, 'विद्यार्थ्यांना कोकणातील फळांची नावे माहीत आहेत.' आदल्या रात्री बसून सुवाच्य अक्षरात लिहिलेलं हे वाक्य पहिल्या दहा मिनिटांतच अपुरं पडतं.

मागच्या बाकावर एक मुलगा आहे. दिवाळीनंतर आला. वडील शहराबाहेरच्या एका आंब्याच्या बागेत राखणीला आहेत. हापूसच्या बागांमधून नेपाळी राखणदार आता वर्षानुवर्षं दिसतात. दिवाळीच्या सुमारास येतात, मोहोर धरतो, फळ लागतं, तोवर माकडांपासून आणि चोरांपासून बाग सांभाळतात आणि आंबा उतरला की गावी जातात. काही जण बायकामुलांना घेऊन येतात. म्हणून या शाळेचं हजेरीपत्रक जूनमध्ये वेगळं असतं, जानेवारीत वेगळं. मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, त्यामुळे खलाशांची काही मुलं ऑगस्टमध्ये उगवतात. बागेतली त्याहून उशिरा. शिक्षणहक्क कायदा, २००९ सांगतो की वर्षाच्या मध्ये आलेल्या मुलालाही प्रवेश नाकारता येत नाही, वयाचा दाखला नाही म्हणूनही नाही, आणि त्याला वयाला साजेशा वर्गातच बसवायचं. कायदा त्याला तिसरीच्या बाकापर्यंत आणतो. पुढचं बाईंच्या हातात.

हा मुलगा बोलत नाही. वर्गात सगळे धरून चालले आहेत की त्याला वाचता येत नाही. छात्राध्यापिकेनंही आपल्या निरीक्षण वहीत तसंच लिहिलं.

(दृश्य: फळा. खडूनं लिहिलेले शब्द: आंबा, फणस, काजू, करवंद, जांभूळ.)

चौथ्या दिवशी ती फळ्यावर शब्द लिहिते आणि पाठमोरी असतानाच मागून एक बारीक आवाज येतो. कुणीतरी आपल्याशीच वाचतं आहे. आंबा. फणस. काजू. करवंद. 'जांभू'पर्यंत येऊन आवाज थांबतो.

नेपाळी देवनागरीतच लिहितात. त्या मुलानं गावी दोन वर्षं शाळा केलेली होती. त्याला वाचता येत होतं, अर्थ कळत नव्हता इतकंच. आणि अडला तो 'ळ'ला, कारण हे अक्षर त्याच्या भाषेत नाही.

हा प्रसंग सांगताना ती आजही थांबते. तिच्या मार्गदर्शक बाई तिला एवढंच म्हणाल्या, "आता त्याला विचार, आंब्याला तुमच्याकडे काय म्हणतात."

तो म्हणाला, "आँप." वर्ग हसला. तिनं ते फळ्यावर लिहिलं. मग हिंदीतला 'आम' आला, मग एका मुलीनं कानडीतला 'मावु' सांगितला. मासा लिहिला तेव्हा तो मुलगा स्वतःच उठून म्हणाला, "माछा," आणि मासा-माछा ऐकून या वेळी हसला तो स्वतःच. मोहोराबद्दल, माकडांबद्दल, रात्रीच्या राखणीबद्दल त्या वर्गात त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. रत्नागिरीच्या मुलांना हापूस त्यानं समजावून सांगितला.

ही युक्ती कोकणाला नवी नाही. १९४५ मध्ये ताराबाई मोडक उत्तर कोकणातल्या बोर्डीला आल्या आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासोबत त्यांनी आदिवासी मुलांची बालवाडी थेट पाड्यांच्या अंगणात नेली. पानं, बिया, शिंपले हेच साहित्य. मुलाच्या घरी जे आहे तिथून सुरुवात. आपल्याच किनाऱ्यावर घडलेलं हे काम शिक्षक होणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या वर्षीच नीट, सावकाश शिकवायला हवं असं मला मनापासून वाटतं.

(दृश्य: रत्नागिरी बस स्थानक. मुंबईच्या गाडीत चढणारी माणसं.)

कोकणानं पिढ्यान् पिढ्या मुंबईला माणसं पाठवली. गिरणगावातल्या महापालिकेच्या शाळांत चाकरमान्यांची मुलं गावची बोली तोंडात घेऊन बसली. मुंबई महापालिका आजही आठ भाषांमधून शाळा चालवते. इथे, रत्नागिरीत, इतक्या माध्यमांच्या वेगवेगळ्या शाळा निघणं शक्य नाही. इथे एकाच वर्गात, एकाच बाईंना हे सारं सांभाळायचं आहे.

आणि त्यासाठी वेळ लागतो. शिक्षक-शिक्षण सध्या बदलतं आहे. न्यायमूर्ती वर्मा आयोगानं २०१२ मध्ये या क्षेत्राची दुखणी उघड केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी हीच शिक्षकाची किमान पात्रता करायचं ठरवलं, आणि २०२३-२४ पासून देशातल्या काही संस्थांत ती सुरूही झाली. बारावीनंतर विषयाचा अभ्यास आणि अध्यापनाचं शिक्षण एकत्र. चार वर्षं मिळणार असतील, तर माझं मागणं साधं आहे: त्यातलं एक अख्खं शैक्षणिक वर्ष, जून ते मे, एकाच शाळेत द्या. सध्या बी.एड.ला दोन वर्षांत मिळून किमान २० आठवडे शाळेचा अनुभव आहे. ते आठवडे पावसाळ्यात संपले, तर विद्यार्थी-शिक्षकाला बागेतली मुलं दिसणारच नाहीत. जी मुलं त्यानं पाहिलीच नाहीत, त्यांच्यासाठी तो टाचण कसं काढणार?

(दृश्य: एप्रिल अखेर. वर्गात पंखा फिरतो आहे. बाकं निम्मी रिकामी.)

तिची आंतरवासिता फेब्रुवारीतच संपली होती. तरी ती आज आली आहे. त्या मुलाचे वडील पुढच्या आठवड्यात निघणार. मार्गदर्शक बाई दरवर्षी जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातात, दाखल्याबरोबर, एक कागद देतात: काय वाचता येतं, गणितात कुठवर आला आहे, कशात रमतो. पुढे जी शाळा मिळेल तिथल्या शिक्षकांसाठी. या मुलाचा कागद बाईंनी तिला लिहायला सांगितला आहे.

ती लिहिते. देवनागरीत, मोठ्या अक्षरात, सोप्या शब्दांत. तो शेजारी उभा राहून प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचतो. 'जोडाक्षरं येतात.' 'तीन अंकी बेरीज येते.' 'झाडांची माहिती चांगली आहे.'

शेवटच्या ओळीत ती 'फळा' हा शब्द मुद्दाम लिहिते. तो वाचतो. न थांबता.