राष्ट्रगीत सुरू आहे आणि फौजी बसून आहे

सकाळचे आठ. अमेरिकन नौदलाचा तळ. ध्वज वर चढतोय, राष्ट्रगीत लागलंय, आणि जो जिथे आहे तो तिथेच थांबलाय. वर्दीतल्या प्रत्येकाचा हात कपाळाशी. एक जण मात्र बसून आहे.

हे 2016 साली खरंच घडलं, फ्लोरिडातल्या पेन्साकोला इथे. त्याच सुमारास हवाईतल्या पर्ल हार्बरला राखीव नौदलातल्या एका महिला नौसैनिकाने राष्ट्रगीताच्या वेळी सलामी दिली नाही, आणि तसं स्वतःच फेसबुकवर लिहिलं.

नमस्कार मंडळी. आजचा प्रश्न एका ओळीचा आहे. देशाची वर्दी घातलेल्या माणसाला देशाच्याच समारंभात निषेध करता येतो का? कायद्याचं उत्तर लगेच सांगतो: नाही. व्हिडिओ इथेच संपला असता. पण हे 'नाही' नेमकं कुठून येतं, ते बघण्यासारखं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. 2016 च्या ऑगस्टमध्ये कॉलिन केपर्निक हा अमेरिकन फुटबॉलपटू राष्ट्रगीताला बसून राहिला. कृष्णवर्णीयांवरच्या पोलिसी अत्याचारांचा निषेध म्हणून. देशभर गदारोळ झाला. तेव्हा नेट बॉयर नावाचा माजी सैनिक, तोही स्पेशल फोर्सेसमधला, त्याला भेटला आणि म्हणाला, बसू नकोस, गुडघा टेक. सैनिक आपल्या पडलेल्या साथीदाराच्या थडग्यासमोर गुडघा टेकतात. 1 सप्टेंबरला सॅन डिएगोच्या सामन्यात केपर्निकने पहिल्यांदा गुडघा टेकला. जगभर गाजलेली ती निषेधाची मुद्रा एका फौजीने सुचवलेली होती. आणि नोकरीत असलेल्या फौजीने वर्दीत तेच केलं असतं, तर थेट चौकशी.

असं का? केपर्निकला कायदा हात लावू शकत नव्हता. अमेरिकेत 1943 साली वेस्ट व्हर्जिनियातल्या शाळकरी मुलांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. यहोवाज विटनेसेस पंथाची मुलं. ध्वजाला वंदन करत नाहीत म्हणून शाळेतून काढलेली. तेव्हा दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं. तरी न्यायालय म्हणालं, सरकार कुणाच्या तोंडून देशभक्ती जबरदस्तीने वदवून घेऊ शकत नाही. सामान्य नागरिकापुरता तो विषय तिथेच मिटला.

आता फौजीकडे येऊ. अमेरिकेत राष्ट्रगीताच्या वेळी कसं वागावं याचा वेगळा कायदाच आहे. वर्दीतल्या व्यक्तीने पहिल्या सुराला सलामी द्यावी आणि शेवटच्या सुरापर्यंत हात तसाच ठेवावा, असं त्यात लिहिलंय. गंमत म्हणजे, नाही दिली तर काय, याबद्दल त्यात अवाक्षर नाही. शिक्षा नाही, दंड नाही. नुसतं 'द्यावी'.

मग बसून राहणाऱ्याला धरायचं कशावर? तर सैन्यदलांचे स्वतःचे नियम आहेत, आणि त्यांत सलामी हे कर्तव्य आहे. ते मोडलं की लष्करी न्यायसंहितेचं कलम 92 लागतं: आदेशाचं पालन न करणं, कर्तव्यात कसूर करणं. नियमभंग गंभीर असेल तर 2 वर्षांपर्यंत कैद आणि अपमानास्पद बडतर्फी. त्यातून निसटलात तर मागे कलम 134 उभंच आहे. शिस्तीला बाधा आणणारं किंवा सैन्याची अब्रू घालवणारं कुठलंही वर्तन. आता यात काय बसत नाही, ते तुम्हीच सांगा.

म्हणजे मुद्दा ध्वजाचा कमी आणि हुकमाचा जास्त आहे. आपण थिएटरमध्ये राष्ट्रगीताला उभे राहतो. महाराष्ट्रात 2003 पासून ही पद्धत आहे, एका हातात पॉपकॉर्न सांभाळत का होईना. तिथे आपलं उभं राहणं ही आपली भावना असते. फौजीचं उभं राहणं हा त्याच्या नोकरीचा भाग असतो, बंदूक साफ ठेवण्यासारखा. 'सावधान' म्हटल्यावर तो सावधान होतो, त्या क्षणी त्याच्या मनात काय चाललंय हे कुणी विचारत नाही. मनात काहीही असू दे. हात वर गेला पाहिजे.

मला हा नियम पटतो, सरळ सांगतो. ज्याच्या हातात शस्त्र दिलंय त्याने कुठला हुकूम मानायचा हे स्वतःच्या मतावर ठरवायला लागावं, असं मला वाटत नाही. आज तो माझ्या आवडीच्या कारणासाठी बसला असेल. उद्या?

पण हाच नियम कुठवर ताणला जातो ते बघा.

[स्क्रीनवर: सॅन फ्रान्सिस्को, ऑक्टोबर 1968]

व्हिएतनाम युद्धाचा काळ. नौदलातली परिचारिका सुझन श्नॉल हिने छोट्या विमानातून लष्करी तळांवर युद्धविरोधी पत्रकं टाकली आणि 12 ऑक्टोबरला पूर्ण वर्दीत मोर्चात चालली. खटल्यात तिचा युक्तिवाद मला फार आवडतो. व्हिएतनाम युद्धातले अमेरिकन सेनापती जनरल वेस्टमोरलंड वर्दी घालून संसदेत युद्धाच्या बाजूने बोलतात, मग मी वर्दी घालून शांततेच्या बाजूने का बोलू नये? लष्करी न्यायालयाला तो आवडला नाही. 6 महिन्यांची शिक्षा आणि बडतर्फी.

दोनच दिवसांनी, त्याच शहरात, प्रेसिडिओच्या लष्करी तुरुंगात सकाळच्या हजेरीला 27 कैदी रांग सोडून बाजूला झाले आणि गवतावर गोल करून बसले. गाणी म्हणायला लागले. आदल्या आठवड्यात पहारेकऱ्याने एका कैद्याला गोळी घालून मारलं होतं, त्याचा निषेध. हातात काही नाही, कुणाला धक्का नाही. आरोप कोणता लागला? बंड. पहिल्या तिघांना 14, 15 आणि 16 वर्षांच्या शिक्षा झाल्या. खाली बसल्याबद्दल! लोकांनी आरडाओरडा केला तेव्हा कुठे त्या शिक्षा उतरवल्या गेल्या. शिस्त आणि सूड यांच्यातली रेघ सैन्यातल्या वरिष्ठांनाही दिसेनाशी होते, ती अशी.

पुढे 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉ. हॉवर्ड लेव्ही यांच्या खटल्यात सगळ्यावर शिक्कामोर्तब केलं. हे त्वचारोगतज्ज्ञ, लष्करात कॅप्टन. स्पेशल फोर्सेसच्या जवानांना वैद्यकीय प्रशिक्षण द्यायला यांनी नकार दिला होता आणि युद्धाविरुद्ध उघड बोलत होते. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: सैनिकालाही अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे, पण बाहेर जे चालतं ते आत चालेलच असं नाही.

मग फौजीने काहीच बोलायचं नाही का? बोलता येतं. अमेरिकन संरक्षण खात्याच्या नियमांनुसार ड्यूटी नसताना, साध्या कपड्यांत, देशातल्या शांततापूर्ण निदर्शनात जाता येतं. वर्दीत नाही, परदेशात नाही, हिंसा भडकण्याची शक्यता असेल तिथे नाही. लोकप्रतिनिधीला थेट पत्र लिहिण्याचा हक्कही कायद्याने राखलेला आहे. अधिकाऱ्यांना मात्र साध्या कपड्यांतही जपून राहावं लागतं. 1965 मध्ये एल पासोत एक सेकंड लेफ्टनंट सुट्टीवर, साध्या कपड्यांत निदर्शनात गेला. हातातल्या फलकावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्याबद्दल जहाल शब्द होते. अधिकाऱ्याने राष्ट्राध्यक्षांबद्दल अवमानकारक बोलू नये असं वेगळं कलमच आहे. सापडला त्यात.

आता कमेंटमध्ये येणारच आहे, 'भाऊ, आपल्याकडे काय?', म्हणून आत्ताच सांगून टाकतो.

आपल्याकडे हे राज्यघटनेतच लिहिलंय. अनुच्छेद 33. सशस्त्र दलांच्या बाबतीत मूलभूत हक्कांना कात्री लावायचा अधिकार संसदेला आहे. त्यावरून 1950 चा आर्मी ॲक्ट आणि 1954 चे नियम. आपल्या जवानाला राजकीय सभेला किंवा निदर्शनाला जाता येत नाही. साध्या कपड्यांतली पळवाटही फारशी नाही.

नागरिकांचं वेगळं. 1986 मध्ये केरळमधल्या मुलांचा खटला आपल्या सर्वोच्च न्यायालयात आला. पंथ तोच, यहोवाज विटनेसेस. मुलं राष्ट्रगीताला अदबीने उभी राहायची, फक्त म्हणायची नाहीत. न्यायालयाने त्यांना शाळेत परत घ्यायला लावलं. पण 2025 मध्ये काय झालं? एका घोडदळ रेजिमेंटमधला ख्रिश्चन लेफ्टनंट. रेजिमेंटच्या धार्मिक परेडला जायचा, मंदिराच्या गाभाऱ्यात मात्र जाणार नाही म्हणाला. 2021 मध्ये बडतर्फ झाला. दिल्ली उच्च न्यायालयाने ती बडतर्फी कायम ठेवली आणि सर्वोच्च न्यायालयानेही. कारण पुन्हा तेच, वरिष्ठाचा हुकूम. इथे मी स्वतः जरा अडखळतो. ध्वजाची सलामी आणि गाभाऱ्यातली पूजा एकाच मापाने मोजायची का, हे मला अजून पटलेलं नाही. तुम्हाला पटत असेल तर कमेंटमध्ये भांडा, मी वाचतो.

आणि समारंभात निषेध म्हटल्यावर मुंबईला विसरून चालणार नाही.

[स्क्रीनवर: कुलाबा, 1 डिसेंबर 1945]

ब्रिटिश अमदानीतला नौदल दिन. कुलाब्याचा 'तलवार' हा तळ त्या दिवशी लोकांना दाखवायला सजवलेला. सकाळी बघतात तर परेडच्या मैदानावर 'चले जाव'च्या घोषणा रंगवलेल्या. दोन महिन्यांनी सरसेनापती ऑकिनलेक येणार होते, तर सलामीच्या चौथऱ्यावरच 'जय हिंद'. तेव्हा बलाई चंद दत्त हे तारायंत्र विभागातले नाविक पकडले गेले. 18 फेब्रुवारी 1946 ला तिथल्या नाविकांनी निकृष्ट अन्नावरून काम बंद केलं आणि बघता बघता हजारो नाविक उठले. पाच दिवसांनी शरणागती.

तेव्हाच्या कायद्याने ते बंडखोर होते. आज कुलाब्यात त्यांचं स्मारक आहे. पण स्वातंत्र्य मिळाल्यावर, त्या उठावापायी काढून टाकलेल्या नाविकांना वर्दी परत मिळाली नाही. ना भारताच्या नौदलात, ना पाकिस्तानच्या.