चढणीचं वर्ष

(दृश्य : सोल डक नदी, सॅमन कॅस्केड्स. पांढऱ्या पाण्यावर झेपावणारे मासे.)

हाही चुकला. खडकावर आपटला, पाण्याबरोबर खाली आला. आता डोहात दम खाईल आणि पुन्हा उडी घेईल.

हा कोहो जातीचा सॅमन आणि ही अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपिक द्वीपकल्पावरची सोल डक नदी. सप्टेंबर सरत आला की समुद्रातून आलेले कोहो इथवर पोचतात. पहिल्या पावसात ओढ्याला चढणारे मासे आपल्याकडेही असतात. चढणीचे मासे म्हटलं की कोकणातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. हीही तशीच चढण. फक्त हा मासा समुद्रात वाढून आलाय, आणि अंडी घालून झाली की मरणार आहे.

(दृश्य : फोर्क्स गाव, पहाटेचा अंधार. ट्रेलरवरची बोट, पाऊस.)

फोर्क्स हे लाकूडतोडीवर वाढलेलं गाव. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्यातला बराचसा हिवाळ्यात. आमचे गाईड इथलेच. कॅमेऱ्यासमोर नाव सांगायला त्यांनी नकार दिला. बोट मात्र हौसेनं दाखवली.

ही ड्रिफ्ट बोट. शेजारच्या ओरेगन राज्यातल्या मॅकेन्झी नदीवर बोटीचा हा आकार घडला. तळ सपाट, दोन्ही टोकं वर उचललेली, इंजिन नाही. वल्हवणारा पाणी वाहतं त्या दिशेला तोंड करून बसतो आणि वल्ही उलटी ओढतो, म्हणजे बोट पुढे नेण्यासाठी नाही, तर तिला रोखून धरण्यासाठी. पाणी जेवढ्या वेगानं पळतं, त्यापेक्षा बोट हळू गेली पाहिजे. सगळी कला त्यात. त्यांच्या मनगटांकडे बघा : डावं वल्हं अर्धं बुडलंय, उजवं नुसतं टेकलंय, आणि बोट दोन खडकांमधून तिरकी निघून गेली. वर परत यायचा प्रश्नच नाही. गाडी आणि ट्रेलर खालच्या धक्क्यावर नेऊन ठेवणारी माणसं गावात आहेत, त्यांचाही हा धंदाच.

(दृश्य : मोबाइलवर पाण्याच्या पातळीचा आलेख.)

दिवस कुठे घालवायचा, हे या आलेखावर ठरतं. क्युसेकचे आकडे आपण धरणाच्या विसर्गाच्या बातमीत ऐकतो. यांना ते रोज पहाटे लागतात. मोठा पाऊस झाला की सगळ्या नद्या गढूळ होतात, पण निवळतात आपापल्या क्रमानं. सोल डक सगळ्यात आधी. मग कॅलावा आणि बोगाशील. ‘हो’ नावाची नदी शेवटी, कारण ती माउंट ऑलिंपसच्या हिमनद्यांमधून निघते आणि वाटेत काठ खात येते. गाईड पाण्यात बूट बुडवून बघतात : घोट्याखालचा बूट दिसला, तर आज गळ टाकण्यात अर्थ आहे.

(दृश्य : नदीत आडवं पडलेलं स्प्रूसचं झाड. गाईड काठावर उतरून बघतायत.)

हे झाड मागच्या आठवड्यात इथे नव्हतं. पाणी फांद्यांमधून जातं, बोट जात नाही. अडकली की उलटते. म्हणून आधी उतरायचं, चालत जाऊन बघायचं, वाट सापडली तर ठीक, नाही तर दोर लावून बोट काठाकाठानं सोडायची. शिव्या देत देत हे सगळं चालतं. आणि तरीही करवत आणून हे झाड कापून टाकायला ते तयार नाहीत. दोन पावसाळ्यांत पाणी याच्या बुंध्याखाली डोह खोदेल, मागे गोटे साठतील. त्या गोट्यांत मादी शेपटीनं खळगा करून अंडी घालते; पिल्लं फांद्यांच्या आडोशाला वाढतात. जुन्या जंगलातली एवढी झाडं काठावरून तोडली गेली, की नदीत पडायला मोठं झाड उरलेलं नाही अशा जागा इथे पुष्कळ आहेत. ज्यांना नदी ‘साफ’ हवी असते, त्यांनी हा डोह बघून जावा.

(दृश्य : गाईडच्या घरचा ओटा. गाबोळी, कात्री, पांढरी पूड.)

ऑक्टोबर, नोव्हेंबर. कोहो आणि सॅमनचीच मोठी जात चिनूक, जिला इथे किंग म्हणतात. मादीची गाबोळी अख्खी काढायची, रक्त निपटायचं, कात्रीनं द्राक्षाएवढे तुकडे करायचे. वर बोरॅक्स, मीठ, साखर. तुकडे आधी पाणी सोडतात, मग तेच पाणी पिऊन टरारतात. जिथे आमिषाला परवानगी आहे, तिथे हे गळाला. गंमत म्हणजे नदीत शिरलेला सॅमन जवळजवळ खातच नाही. तो गळ का धरतो, यावर या ओट्यापाशी रात्र जाते.

(दृश्य : डिसेंबर. श्वासाची वाफ. प्लास्टिकचे नारिंगी मणी.)

हिवाळ्यात येतो स्टीलहेड. रेनबो ट्राउटचीच ही जात : नदीत राहिला तो ट्राउट, समुद्रात जाऊन आला तो स्टीलहेड. अंडी घातल्यावर याच्यातले काही जगतात आणि पुन्हा समुद्राकडे जातात. हिवाळी हंगामात गाबोळी बंद. तिच्या जागी माशाच्या एका अंड्याएवढा हा मणी, आणि गळाला उलटा काटा नाही. 2020 च्या डिसेंबरमध्ये बहुतेक टप्प्यांवर बोटीतून गळ टाकायलाही मनाई झाली. जिथे मनाई, तिथे बोट काठाला लावायची, गिऱ्हाइकांनी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं.

(दृश्य : जाळीत मासा, पाण्यातच. अगदी जवळून.)

पाठीवर, शेपटीच्या अलीकडे, हा नखाएवढा मांसल पर. उबवणी केंद्रातल्या पिल्लांचा तो कापलेला असतो. याचा शाबूत आहे. म्हणजे हा नदीचा मासा, रानटी. असा मासा पाण्याबाहेर उचलायचाच नाही, असा राज्याचा नियम आहे. फोटोसाठीसुद्धा नाही. गाईड एका हातानं शेपटीचं मूळ धरतात, दुसरा हात छातीखाली, तोंड प्रवाहाकडे. कल्ले हलतायत. थांबा. अजून थांबा.

गेला.

(दृश्य : मार्च-एप्रिल. कोवळी पानं, उतरलेलं पाणी.)

मोठे रानटी स्टीलहेड या दोन महिन्यांत येतात, नऊ-नऊ किलोचेसुद्धा. त्यांच्या मागोमाग सोल डकमध्ये वसंतातला चिनूक. उन्हाळ्यात गाईड अलास्काला जातात.

सोल डकचं पाणी शेवटी समुद्राला मिळतं तिथे, ला पुश इथे, क्विल्यूट या मूळनिवासी जमातीची जाळी असतात. 1855-56 च्या करारात त्यांनी राखून ठेवलेला मासेमारीचा हक्क संघीय न्यायाधीश बोल्ट यांनी 1974 मध्ये उचलून धरला : पकडण्याजोग्या माशांपैकी निम्मे करारातल्या जमातींचे. रानटी स्टीलहेड घटत गेला. 2016 पासून तो घरी न्यायला बंदी आली, आणि 2022 मध्ये हंगाम 1 मार्चपासूनच बंद झाला.

(दृश्य : गाईडची वही, पुढच्या हिवाळ्याच्या तारखा.)

पुढच्या मार्चची नावं पेन्सिलीनं लिहिली आहेत.