गिलावा म्हणजे भिंत नव्हे

हे बघा, जवळून दाखवते. हा स्क्रू, त्यावर ही गिट्टी, म्हणजे स्क्रू धरायला भोकात बसवतो ती प्लास्टिकची नळी, आणि गिट्टीला चिकटून आलेला हा करडा खपला. याच्यावर लाल रंगाचा एक कण तरी दिसतोय का? नाही ना? हा तुकडा मी मुद्दाम जपून ठेवलाय.

नमस्कार! पार्किंगच्या शेडमध्ये हत्यारांची फळी लावतानाचा व्हिडिओ टाकला, तेव्हापासून एकच प्रश्न येतोय. "ताई, आमची फळी महिन्या-दोन महिन्यांत उपटून आली. गिट्टी कुठली घ्यायची?" अहो, गिट्टी कुठलीही घ्या, ती बसली कशात ते आधी बघा.

तयारीचं भराभर सांगते, कारण ते तुम्हाला येतंच. डोळ्यांवर गॉगल. स्विचबोर्डच्या सरळ रेषेत वर-खाली भोक पाडायचं नाही, तिथून वायरी जातात. नळाच्या वरही नाही. लेव्हल लावून पेन्सिलची खूण. गिट्टी 8 एमएमची तर ड्रिलचं बिटही 8 चं. झालं.

आता मुद्दा. आपल्या घरात आतून साधारण 12 ते 15 एमएम गिलावा असतो. बाजारात सर्रास मिळणारी गिट्टी 40 एमएमची. तुम्ही ती भिंतीच्या तोंडाशी बसवता, म्हणजे तिचा पुढचा तिसरा हिस्सा गिलाव्यातच राहतो. स्क्रू पिळला की गिट्टी तिथेही फुगते आणि गिलावा तडकतो. भोक कमी खोल असलं तर आणखी वाईट, विटेत गेलेलं टोक नखाएवढं. मग पाना-पक्कड ठेवली की गिट्टी गिलाव्यासकट बाहेर.

म्हणून गिट्टी गिलाव्याच्या पार आत ढकला, तिचं तोंड विटेला लागू दे. 15 गिलाव्याचे, 40 गिट्टीचे, वर 10 मोकळे. झाले 65 एमएम. तेवढ्यावर बिटाला चिकटपट्टी गुंडाळा. गिट्टी भोकाच्या तोंडाशी आली की तिच्यात स्क्रू दोन आटे फिरवा आणि हातोडीने हलके ठोका, ती आत सरकते. स्क्रू 60 चा लागेल, 35 चा पुरणार नाही.

मोजायला काहीच नसेल तर भुकटी बघा. ड्रिल फिरताना आधी करडी पडते, तो गिलावा. मग लाल पडायला लागते, तिथे वीट सुरू झाली. लाल दिसली की खूश होऊन थांबतात लोक! भिंत तर आत्ता सुरू झालीय. तिथून पुढे 50 एमएम जायचंय.

हा तुकडा माझ्या स्वतःच्या भिंतीतला आहे. पहिली फळी मी अशीच वरवर लावली होती. रात्री केव्हातरी पडली, खाली वडिलांची स्कूटर उभी होती, पुढचा दिवा फुटला. सकाळी भिंतीतली भोकं पाहिली. दोन्ही भोकांत वीट जेमतेम खरवडलेली. बाबा काही बोलले नाहीत, पण तो दिवा बदलताना मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून मी भुकटीचा रंग बघितल्याशिवाय गिट्टी हातात घेत नाही.

आणि कृपा करून काड्यापेटीच्या काड्या कोंबणं बंद करा! भोक सैल झालं की कोंब काडी. पावसाळ्यात ती ओल धरते, फुगते, उन्हाळ्यात वाळून आकसते, आणि फळी पुन्हा डुलायला लागते. सैल झालं तर 10 चं बिट, 10 ची गिट्टी आणि तिला शोभेल असा जाड स्क्रू. भोकातली भुकटीही काढायची, नाहीतर गिट्टी तिच्यावरच बसते. मी सायकलचा पंप वापरते, गॉगल घालूनच.

रत्नागिरीहून एका काकांनी विचारलंय, जांभ्याच्या भिंतीत काय करायचं. काका, जांभ्यात मधे पोकळी लागते, बिट एकदम आत पळतं. ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके मारत फिरायचं बटण, बंद ठेवा, सावकाश जा. पोकळी लागली तर जागा बदला किंवा भोक सिमेंटने भरून, नीट सुकल्यावर पुन्हा पाडा. नव्या इमारतींत हलके पांढुरके ब्लॉक असतात, तिथेही हॅमर बंद आणि गिट्टी त्या ब्लॉकसाठीचीच मागा.

एक कमेंट अशी होती, "ताई, एका भोकावर किती बोलता!" बोलणार. कारण हिशेब बघा. फळी 30 सेंटीमीटर रुंद, वर 20 किलो सामान सारखं पसरलेलं, म्हणजे वजनाचा मध्य भिंतीपासून 15 सेंटीमीटरवर. फळीखालच्या काटकोनी ब्रॅकेटची भिंतीला लागणारी उभी बाजू 20 सेंटीमीटर असेल तर वरच्या स्क्रूंवर बाहेर ओढणारी ताकद मिळून ढोबळ 15 किलोंची. तीच बाजू 10 ची घेतलीत तर 30 किलोंची. ती सगळी ओढ त्या गिट्टीवर. गिलावा कसा धरेल?

तर ब्रॅकेट उंच बाजूचा घ्या. लावून झाला की फळी ठेवण्याआधी दोन्ही हातांनी धरून खाली आणि बाहेर जोरात ओढा. केसभर हलला तरी काढा आणि भोक पुन्हा तपासा. नाही हलला तर फळी ठेवा, आणि रंगाचे डबे कडेला न ठेवता भिंतीला लागून.