मिठागरातला लाल रंग

नमस्कार श्रोतेहो.

एप्रिलच्या उन्हात पेडण्यातल्या आगरवाड्याच्या मिठागरांवरून जाणं झालं तर जरा थांबून बघा. शेवटच्या वाफ्यांत, जिथं मीठ धरायला लागतं तिथं, पाण्यावर कधीकधी गुलाबी, विटकरी झाक येते. आपण म्हणतो, चिखलाचा रंग असेल. पण तो जिवंत रंग असतो. त्यातला बराचसा मीठ मानवणाऱ्या सूक्ष्म जीवांचा, आणि असाच रंग धरणारं ड्युनालिएला सलायना नावाचं एकपेशीय शेवाळही जगभरच्या मिठागरांत सापडतं. मिशेल फेलिक्स द्युनाल यांनी ते १८३८ साली फ्रान्समध्ये मोंपेलियेजवळच्या मिठागरांत पाहिलं. त्याचं बारसं मात्र १९०५ साली झालं, त्यांच्याच नावानं.

एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. आटत आटत पाणी दहाव्या हिश्शावर आलं की मीठ पडू लागतं. एवढ्या खारात हे शेवाळ टिकतं ते पेशीत ग्लिसरॉल साठवून. त्यामुळे आतलं पाणी बाहेर ओढलं जात नाही. पण वरून ऊन रणरणत असतं. पाण्यातला नायट्रोजन संपलेला, वाढ खुंटलेली, आणि हरितद्रव्य तर ऊन शोषतच राहतं. या जादा ऊर्जेनं ऑक्सिजन बिथरतो आणि पेशीतल्या मेदावर, प्रथिनांवर तुटून पडतो. मग शेवाळ आपल्यावर छत्री धरतं: बीटा-कॅरोटिनचे बारीक बारीक थेंब. हा रंग निळा प्रकाश आधीच शोषून घेतो आणि बिथरलेल्या ऑक्सिजनला शांतही करतो. अँटिऑक्सिडंट म्हणतात ते हेच काम. कोरड्या वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत बीटा-कॅरोटिन या शेवाळात साठू शकतं. गाजर त्याच्या जवळपासही पोचत नाही.

म्हणजे रंग हवा तर जिवाला छळलं पाहिजे. असे रंग पिकवून विकण्याच्या धंद्याची सगळी मेख इथंच आहे. गोड्या पाण्यातलं हिमॅटोकॉकस शेवाळ घ्या. आधी त्याला खाऊपिऊ घालून हिरवंगार वाढवायचं, मग अन्न तोडायचं आणि लख्ख प्रकाशात ठेवायचं. ते जाड कवच करून बसतं आणि आत ॲस्टाझँथिन नावाचा लाल रंग साठवतं, वजनाच्या ४ टक्क्यांच्या आसपास. आता ते कवच फोडायचं कोणी? त्यासाठी यंत्रात भरडावं लागतं, मग दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडनं किंवा दुसऱ्या द्रावकानं रंग काढावा लागतो. त्यात हे शेवाळ वाढतं हळू, आणि दुसरी शेवाळं, बुरशी टाकीत घुसायला टपलेलीच. म्हणून त्याचा भाव चढा. बाजारातलं बहुतेक ॲस्टाझँथिन आजही रसायनांच्या कारखान्यात बनतं.

हेच ॲस्टाझँथिन मिळवायचा दुसरा मार्ग यीस्टचा. बोंडूचा, म्हणजे काजूच्या फळाचा, रस आंबवून फेणी काढणाऱ्या गोंयकाराला यीस्टची ओळख करून द्यायला नको. फाफिया नावाचं तांबूस यीस्ट मूळचं जपान आणि अलास्कातल्या झाडांच्या पाझरणाऱ्या रसावरचं. त्याला उजेड लागत नाही. साखर किंवा मळी घातली की बंद टाकीत काही दिवसांत पीक तयार. रानटी जातीत मात्र रंग नावापुरता, एका ग्रॅममागे काहीशे मायक्रोग्रॅम, म्हणून निवडून सुधारलेल्या जाती वापरतात.

हा रंग जातो कुठे? मुख्यतः माशांच्या खाद्यात. पाळलेल्या सामन माशाचं मांस त्यामुळेच केशरी दिसतं. आपली सुंगटं, म्हणजे कोळंबी, घ्या. करडी-निळसर सुंगटं तव्यावर पडली की बघता बघता लाल होतात. रंग आधीपासूनच असतो, फक्त प्रथिनाला बांधलेला. आच लागताच प्रथिन मोडतं आणि तो सुटतो. त्याचं मूळही शेवाळातच, खाद्यातून आलेलं.

राहिल्या हे रंग भरून औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या कॅप्सूल. त्यांच्या जाहिराती ऐकताना एक गोष्ट ध्यानात असू द्या. फिनलंडमध्ये २९ हजारांवर सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली. १९९४ साली निष्कर्ष आला: रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी व्हायचा सोडून १८ टक्के जास्त आढळला. शेवाळाला वाचवणारी वस्तू गोळीतून घेतली की माणसालाही वाचवेल, असा हिशेब चालत नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊच नये.

गोव्यापुरतं म्हणाल तर मला कॅप्सूलपेक्षा कोळंबीच्या खाद्यात जास्त अर्थ दिसतो. उघड्या वाफ्यांतलं शेवाळ जून लागला की संपलं, पाऊस सगळा खार धुऊन नेतो. यीस्टच्या टाकीला पावसाचं सोयरसुतक नाही. तिला गोड रस हवा, आणि बोंडूचा कितीतरी रस दर उन्हाळ्यात वाया जातो. तो या यीस्टला मानवतो का आणि परवडतो का, हे एका छोट्या टाकीत करून बघण्याजोगं आहे. अडचण एवढीच, की रस एका दिवसात आपसूक आंबू लागतो, तेव्हा टाकी काजूच्या बागेपासून फार लांब ठेवून चालायचं नाही.

नमस्कार.